पंधरा सेकंद

बीकर हलकेच हलवायचा आणि पंधरा सेकंद थांबायचं.
जी पोहली ती जिवंत.
जी तळाशी राहिली तिच्यापुढे रेघ.
एका बीकरमध्ये पाच, असे चार बीकर,
चोवीस तासांनी एकदा, अठ्ठेचाळीस तासांनी एकदा,
मग फॉर्मवर सही : हेल्वे पालुओया, प्रयोगशाळा सहायक, तार्तू.
एकतीस वर्षं मी पाणपिसवा मोजते आहे.

तिळाहून बारीक जीव. अंग काचेचं.
भिंगाखाली धरली की आतलं सगळं उघडं :
खाल्लेलं शेवाळ हिरव्या दोऱ्यासारखं,
पाठीशी काळीज, इतकं भराभर उडणारं
की मी पेन्सिलीने कागदावर नुसते ठिपके मारत जाते
आणि मोजते मागाहून.
लपवणं तिला जमतच नाही.
लपवतं ते पाणी.

या खेपेला पाण्यात चांदी होती.
मोज्यांतली चांदी. इतकी बारीक केलेली
की आपण चांदी आहोत हे तिचं तिलाच आठवू नये.
घामाचे जंतू मारते म्हणे,
आठवडाभर घाला, मोज्यांना वास नाही.
कंपनीने नमुन्यांसोबत एक खोकं आम्हालाही पाठवलं, नाताळची भेट.
युलोला राखाडी जोडी आवडली.
बर्फाला भोक पाडून तो तासन्‌तास मासे धरत बसतो,
पायांचं त्याला फार.

अठ्ठेचाळीस तास. वीसपैकी वीस पोहत होत्या.
मी लिहिलं : परिणाम आढळला नाही.
इंद्रेकने (साहेब तो, माझ्या मुलीच्या वयाचा) खाली शिक्का मारला,
आणि कंपनीच्या कागदावर पोचेपर्यंत
मधला एक शब्द वाटेत गळून पडला :
परिणाम नाही.

नियमाप्रमाणे यानंतर सगळं टाकून द्यायचं असतं.
एक बीकर मी टाकला नाही.
का, ते सांगता येणार नाही. खिडकीत जागा होती.
कुंडीला पाणी घालावं तसं येताजाता शेवाळ घालत राहिले.

नवव्या दिवशी त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या भरायला हव्या होत्या.
पिल्लं तिथेच वाढतात,
आईच्या अंगातून आरपार दिसतात,
आधी डोळ्यांचे काळे ठिपके.
अकरावा दिवस उजाडला, तरी पाचपैकी एकीच्याच पिशवीत दोन.
बाकीच्या रिकाम्या.
आणि पोहत होत्या अगदी छान.
फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

इंद्रेक भिंगाला डोळा लावून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "एकच बीकर. शेजारी साध्या पाण्याचा नाही.
खिडकीत रात्रीची थंडी. शेवाळ किती घातलंस, लिहिलंस?"
लिहिलं नव्हतं.
त्याचं चुकत नव्हतं, याचाच राग आला.
"मग नीट करून बघू."
"पैसे कोण देणार, हेल्वे?"

घरी दोरीवर मोजे वाळत होते.
धुण्याचं पाणी एव्हाना नळीतून, गटारातून, चाळण्यांतून
नदीकडे निघालं असेल.
आमच्या नदीचं नाव एमायोगी, म्हणजे आई-नदी.
नाव आहे, एवढंच. मी त्याचं काही करत नाही.

"घालू की नको?" युलोने विचारलं.
"माहीत नाही."
"एकतीस वर्षं तिथे, आणि माहीत नाही?"
मोजा नाकाला लावून तो हसला.
वास खरंच नव्हता.

आज रविवार. किल्ली घेऊन आले आहे.
आठ बीकर मांडलेत : चार चांदीचे, चार साधे.
या वेळी शेवाळ मापून, वहीत वेळ टिपून.
मे महिन्यात मी निवृत्त होते,
एकवीस दिवस त्याआधी बसतात, जेमतेम.
चांदी असेल. थंडी असेल.
नाहीतर माझाच हात.

पहिला बीकर हलकेच हलवते
आणि थांबते.